चीफसाहेबांचा ऑफ सीझन

आमचे चीफसाहेब कुणाकडे गेले की खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक फ्रिजला नाहीतर पाण्याच्या मोटारीला टेकवायचे आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. इकडे चहा गार होऊन जायचा. मग म्हणायचे, "बाई, बेअरिंग जातंय. बदलून घ्या." मी कारखान्याच्या शाळेत मराठी शिकवायचे, बेअरिंग कशाशी खातात ते मला काय ठाऊक! दुर्लक्ष केलं की आठवड्याभरात मोटार बंद. पण "मी सांगितलं होतं" असं साहेब कधी म्हणाले नाहीत. नवं बेअरिंग घेऊनच दारात उभे राहायचे.

साहेब साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर. मूळचे तिसगावकडचे, वहिनीही तिकडच्याच. आमची क्वार्टर्स शेजारी शेजारी. कॉलनीची एक रीत होती: लग्न असो, बारसं असो, दुखणं असो, "सीझन संपू द्या, मग बघू." दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटला की उन्हाळ्यापर्यंत गाळप, आणि तोवर घरच्यांनी आजारीसुद्धा पडायचं नाही. साहेबांनी ही रीत देवधर्मासारखी पाळली. वहिनींचे पित्ताचे खडे सीझन संपायची वाट बघत पोटात तसेच राहिले.

यातली मेख फक्त कॉलनीतल्या बायकांना कळायची. सीझन संपला की मिल उघडायची, रोलर बाहेर काढायचे, दुरुस्त्या सुरू. म्हणजे सीझनमध्ये मिल चालू म्हणून साहेब घरी नाहीत आणि नंतर ती उघडून ठेवलीय म्हणून नाहीत. मी एकदा तोंडावरच विचारलं, "साहेब, तुमचा ऑफ सीझन असतो तरी कधी?"

ते हसले. "रिटायर झालो की, बाई. मग कायमचाच."

हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं, वाईट वाटतं ते त्याचंच. कोल्हारला माझं घर होतं, चर्चच्या मागच्या आळीत. रिटायर झाल्यावर साहेबांनीही तिथंच, प्रवरेच्या अंगाला घर बांधलं. ओटा वहिनींच्या उंचीला बेतून केला. व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडल्या आणि मला कौतुकानं दाखवल्या, "इथं बसून आम्ही दोघं चहा घेणार." बास. वहिनींनी येऊन आपल्याबरोबर राहावं, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

पण वहिनी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या आणि तिथंच राहिल्या. भांडण नाही, तंटा नाही. आधी बाळ लहान होतं, मग बाळाची शाळा सुरू झाली. साहेब फोनवर विचारायचे, "कधी येतेस?" पलीकडून उत्तर यायचं, "बघू, सुट्टी लागू द्या." साहेब फोन ठेवून म्हणायचे, "येईल. शाळा आहे ना."

एका सुट्टीत आल्या एकदाच्या. साहेबांनी आदल्या दिवशी सगळं घर धुऊन काढलं होतं. मी भेटायला गेले तर साहेब व्हरांड्यात एकटेच, आणि वहिनी आत नसलेलं काम काढून बसलेल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, हे म्हनत्यात बस. बसते. पन बोलायचं काय? पावन्यापुढं बसल्यावानी हुतं मला."

"अहो, नवरा आहे तुमचा," मी म्हटलं.

"व्हय, हाय की. मानूस लई चांगला. कधी आवाज चढवला न्हाई. पन मला सवयच न्हाई ओ."

सुट्टी संपायच्या आधीच त्या परत गेल्या. त्यांना एसटीत बसवून साहेब माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, बंद राहिलेलं मशीन एकदम लोडवर घ्यायचं नसतं. माझंच चुकलं. आता हळूहळू घेतो." मला असा संताप आला. म्हणणार होते, साहेब, बायको म्हणजे काय टर्बाइन आहे? पण त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून चहा टाकायला उठले. त्या दिवशी मला कळून चुकलं की आता काही होणार नाही. त्यांना मात्र ते कळलं नव्हतं.

हळूहळू घ्यायला वेळ मिळालाच नाही. मागच्या थंडीत दूधवाल्यानं सकाळी हाका मारल्या, आतून ओ आली नाही. झोपेतच गेले. कुणाला दवाखान्यात धावपळसुद्धा करावी लागली नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी आळीतल्या बायका वहिनींभोवती बसल्या होत्या. मी ख्रिस्ती, मला त्यातलं फारसं कळत नाही. मी दाराशी होते. एकीनं विचारलं, "काकू, उद्या नैवेद्याला काकांच्या आवडीचं काय करायचं?" लेक आईकडे बघायला लागली. वहिनी खाली मान घालून कितीतरी वेळ आठवत राहिल्या.

"डबा रोज रिकामा यायचा," शेवटी म्हणाल्या. "देईन ते खायाचे. आवडलं का, ते म्या कधी इचारलं न्हाई आन त्यांनी सांगितलं न्हाई."

लेकीलाही ठाऊक नव्हतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांची शेजारीण मी, पण मलाही काही सांगता येईना. शेवटी बायकांनी आपापल्या नवऱ्यांना काय आवडतं ते सांगितलं. कुणी पुरणपोळी म्हणाली, कुणी शेंगोळी, कुणी कांद्याची भजी. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या पानात तेच वाढलं.