न झालेल्या भेटीचा अहवाल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सांगलीच्या आमच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख आहे. वेगवेगळ्या विभागांनी एकत्र काम करावं असा आदेश आला, तेव्हा खरोखरचं काम घेऊन आल्या त्या तासिका तत्त्वावर मराठी शिकवणाऱ्या एक बाई. मिरजेतले एक म्हातारे कारागीर तानपुऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, नुसत्या अंदाजानं घासून तारेला गुंजन आणायचे. त्यांचं बोलणं बाई लिहून घेणार होत्या, आवाज मी मोजायचा होता.

"सर, त्यांचा हात थरथरायला लागलाय. या महिन्यातच जाऊया."

स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला, "काय रं गड्या, आता तासावरच्या बाईंच्या हाताखाली व्हय?" सगळे हसले, मीही हसलो. आणि गेलोच नाही.

मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर मी घरी बसून भेटीचा अहवाल लिहिला. आकडे पुस्तकातले घातले, खाली 'प्रकल्प पूर्ण' लिहून सही केली. समितीनं कौतुक केलं. पुढं बाईंनी एकटीनं काम करायची परवानगी मागितली, तर ऑफिसनं 'हे काम झालेलं आहे' म्हणून अर्ज परत केला.

"सर, हे झालं कधी?" त्यांनी मला विचारलं.

"ऑफिसचा घोळ असेल," मी म्हणालो.

दिवाळीच्या आधी ते कारागीर वारले. त्यांचं एक वाक्यही कुणी लिहून घेतलेलं नाही.

तो अहवाल खोटा आहे, हे मला प्राचार्यांना आणि त्या बाईंना लेखी द्यायचं आहे. अजून दिलेलं नाही.