गिरिजाबाईचं मेण

पिंपळगाव रेणुकाईत एके काळी भर उन्हात बाईच्या कपाळावरचं कुंकू ओघळलं नाही, की समजायचं, खालचं मेण गिरिजाबाईचं आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर तिचा नवरा अण्णासाहेब खादीवाल्यांच्या योजनेतून मधमाश्यांच्या दोन पेट्या घेऊन आला, तेव्हा गाव पोट धरधरून हसलं. ‘लोक बैल पाळतेत, ह्यो माश्या पाळून राह्यला!’ मध काढायचं काम अण्णासाहेबाचं. जुनी पोळी वितळवायची, फडक्यातून गाळायची आणि मेणाच्या सुपारीएवढ्या गोळ्या वळायच्या, हे काम गिरिजाबाईचं. त्याचा पैसा तिनं कधी घेतला नाही. दुपारच्या सासुरवाशिणी डबी घेऊन यायच्या, मेणाचं बोट कपाळाला लावून वर कुंकू टेकवायच्या आणि मग तासभर हलायच्या नाहीत. गावातल्या झाडून साऱ्या सासवांची उणीदुणी त्या ओसरीवर निघायची.

मग अण्णासाहेब गेला. पोटात दुखतंय म्हणून आडवा झाला तो उठलाच नाही. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि बायका यायच्या बंद झाल्या.

वाकडा शब्द कुणी बोललं नाही, हे खरं. बोललं असतं तर कडाकडा भांडता तरी आलं असतं! कुणाच्या लेकराला खोकला झाला, की वाटी घेऊन मधाला अजून यायचे. मध म्हणजे औषध, त्याला कसला आलाय विटाळ? पण मेण कपाळाचं. ते कुंकू पुसलेल्या बाईच्या हातचं सवाष्णीनं कसं लावावं? बायका भोकरदनच्या बाजारातून मेण आणू लागल्या. गिरिजाबाईला मूलबाळ नव्हतं. दीर शेत करायचा, दाणागोटा आणून टाकायचा आणि पाणीही न पिता निघून जायचा. ती आपली माश्यांशी बोलायची. माश्या आपल्या कामात.

अशात चैत्र अर्धाअधिक सरल्यावर शेजारच्या दुर्गाबाईनं गडग्यावरून हाक मारली, “वैनी, उषीचं जमलं बरं का! केदारखेड्याला दिली. वैशाखातच उरकून टाकून राह्यलो.”

“लई चांगलं झालं गं बाई,” गिरिजाबाई म्हणाली, आणि तिला खरंच आनंद झाला. उषा तिच्याच ओसरीवर मेणाचे तुकडे चघळत मोठी झालेली.

त्याच दुपारी तिच्या डोक्यात आलं. उषाला अख्खं पोळं द्यायचं! चौकटीतलं, मधानं भरलेलं, माश्यांनी वरून पांढरं झाकण घालून बंद केलेलं. ते ना वितळवायचं, ना गाळायचं, ना वळायचं. मेण माशीच्या अंगातून निघतं, माशीच ते रचते. त्याला गिरिजाबाईचा हात लागतोच कुठं? आणि माशीला काय नवरा मेलाय? उषानं त्या मेणावर एकदा कुंकू लावलं, की बाकीच्याही येतील. पुन्हा ओसरी भरेल. कितीतरी दिवसांनी ती एकटीच हसली.

पण वेळ साफ चुकलेली. करडईचा बहार कधीच संपला होता. फुलोरा सरला, की माशी नवं मेण काढायचा खर्च करत नाही, आहे तेवढं राखून बसते, हे अण्णासाहेबानं तिला शंभरदा सांगितलं होतं. आता बहार उरला तो फक्त कडूलिंबाचा. तिनं एका पेटीवर वरचा कप्पा चढवला, त्यात कोरी चौकट टांगली, रोज झाकण उचलून पाहिलं. एक माशी वर चढेना. खालीच ऐसपैस जागा, वर कशाला मरायला जातील?

उपाय तिला माहीत होता, म्हणून तर जीव कासावीस झाला. दोन्ही पेट्यांच्या माश्या एका पेटीत घालायच्या, खालची जागा कमी करायची. इतकी दाटी करायची, की वर पोळं बांधल्यावाचून गत्यंतरच राहू नये. पण एका पेटीत दोन राण्या नांदत नाहीत. एक मारावी लागते. एकीकडची राणी तरणी होती. दुसरी अण्णासाहेबानं जुन्या बाभळीच्या ढोलीतून उघड्या हातानं धरून आणलेली. म्हातारी झाली होती, अंडी घालायची नावाला. कुणालाही विचारा, मारायची ती तीच.

दोन दिवस गिरिजाबाई त्या पेटीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं झाकण काढलं, राणी शोधली, चिमटीत धरली. “अवो, रागावू नका,” ती मोठ्यानं म्हणाली आणि बोटं दाबली. मग तिथंच खाली बसून हुंदके देऊन रडली. बघायला होतं कोण?

दोन्ही पेट्या तिनं एकावर एक रचल्या, मध्ये रद्दीचा कागद घालून त्याला दाभणानं भोकं पाडली. कागद कुरतडेपर्यंत दोन्हीकडच्यांचा वास एक होतो, मग त्या भांडत नाहीत. नंतर खालच्या जादा चौकटी काढून घेतल्या. घरातल्या बाटल्यांतला मध पाण्यात कालवून संध्याकाळी पेटीत ठेवू लागली. माश्यांनी बांधायला हात घातला तसं ते बंद केलं, म्हणजे पोळ्यात भरेल तो लिंबाचाच मध. उन्हाच्या वेळी पेटीवर ओलं गोणपाट. आणि एके सकाळी झाकण उचललं, तर वर माश्यांची झुंबड! एकमेकींचे पाय धरून लोंबकळत त्यांनी पोळं धरलं होतं, दुधावरच्या सायीसारखं. “शाब्बास गं बायांनो!” ती ओरडली.

वैशाखात पोळं काठोकाठ बंद झालं. हळदीच्या दिवशी तिनं लिंबाच्या डहाळीनं माश्या झाडल्या, लाकडाला धरून चौकट उचलली, परातीत पळसाची पानं अंथरून त्यावर ठेवली. मेणाला बोट लागू दिलं नाही. धुवट लुगडं नेसली आणि गडगा ओलांडून गेली.

अंगणात बायकांची गर्दी होती. गिरिजाबाई मागच्या दारानं गेली. दुर्गाबाईनं परात पाहिली आणि तिचे डोळे मोठे झाले. “अगं बाई, काय देखणं पोळं वो!”

“उषीच्या डबीसाठी हाय,” गिरिजाबाई म्हणाली. “मेणाला माझा हात बिलकुल लागला न्हाई बघ. हाये तसं माश्यांनीच बांधलंय.”

“बरं बरं. बसा वैनी, आलेच मी,” म्हणून दुर्गाबाई परात घेऊन आत गेली.

गिरिजाबाई मागच्या पडवीत पोत्यावर बसली. पुढं हळदीची गाणी चालली होती, तिला त्यातली सगळी यायची. हाक मारायला कुणी आलं नाही. बऱ्याच वेळानं दुर्गाबाई परत आली. परातीत धुतलेली रिकामी चौकट होती आणि पानावर मेणाचा गोळा. पिळून मध काढून घेतलेला. त्यावर दुर्गाबाईच्या पाची बोटांचे ठसे.

“मध लई झ्याक. जरासा कडवट लागतो, पर झ्याक,” ती परातीकडे बघत म्हणाली. “बरणीत भरून ठिवला. अन् हे मेण... तुमच्या पेटीच्या कामाला येईल.”

“मध तर तू कवाबी न्हेती, दुर्गे,” गिरिजाबाई म्हणाली. “मी मेण आणल्तं.”

दुर्गाबाईनं परात पोत्याजवळ ठेवली. मग हळूच म्हणाली, “मला समजतं वैनी. माझ्या मनात काय बी न्हाई. पर लेकीचा मामला हाय. उद्या काही कमी-जास्त झालं, तर मंग माझंच मन मला खाईल.”

बाई वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यामुळं तर गिरिजाबाईला भांडताही येईना.

“नांदू दे बापडी सुखानं,” ती म्हणाली आणि उठली. चौकट तिनं काखेत मारली. मेणाला हात लावला नाही.

“वैनी, हे न्ह्या ना,” दुर्गाबाई पाठीमागून म्हणाली.

“मी हात लावला तर पुन्ना ते कुनाच्याच कामाचं राह्यचं न्हाई,” गिरिजाबाई म्हणाली आणि गडगा ओलांडून घरी गेली.