रिकामा ट्रे घेऊन रांगेत

पगार किती, असं मी कुणाला विचारत नाही. विचारलंच तर एवढंच विचारते, की बाई गं, तुझ्या कामावर चहाला दूध कामावरचं की घरनं न्यायचं? लोक हसतात. हसू देत. घरनं दूध न्यायला लावणारा मालक उद्या खुर्चीसुद्धा घरनं आणायला सांगेल, हे मी चार नोकऱ्या करून शिकलेय. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

आमच्या घरात जितकी माणसं तितक्या तऱ्हेच्या नोकऱ्या. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपात. त्याला गाडीचा फुकट पास, अन् बायकोलाही. पण हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी आमच्या लोद गावाच्या बाहेर पाय काढील तर शपथ! पास पाकिटात झिजून गेला. माझी नणंद अराद गावच्या हॉटेलात चादरी बदलायची. तिला बोटाएवढ्या साबणाच्या वड्या मिळायच्या, अन् आली की पिशवीभर आमच्याकडे ओतून जायची. आमची पोरगी मोठी होईपर्यंत त्याच वड्यांनी न्हाली. दीर विमानतळावर सामान चढवायचा. त्याला वर्षाला दोन जोड बूट, असे भक्कम की जुने झाले तरी टाकवत नसत. त्याच्या जुन्या बुटांत माझ्या सासूनं गॅलरीत कोथिंबीर लावली होती.

अन् मी कपड्याच्या मिलमध्ये, किर्यात मलाखीला. मिलची बस लोदच्या कोपऱ्यापर्यंत न्यायला यायची. सणाला भेट मिळायची. एका वर्षी पातेली, एका वर्षी घोंगडी, एका वर्षी कॉफीचे असले नाजूक कप की त्यातून आमच्या माणसांनी चहा प्यायचा कसा, हा प्रश्न पडला. पण खरी चैन म्हणजे कँटीन. बाराचा भोंगा झाला की सूप, भात, कोंबडीची तंगडी. मॅनेजर आमच्याच टेबलाला बसून सूप ओरपायचा. त्याच्या सुपाचा आवाज सगळ्यांत मोठा. त्याला आम्ही नावं ठेवायचो, पण तो आमच्यात बसतो याचा तोरा पण मिरवायचो.

नव्वदीच्या मध्यावर ती मिल बंद पडली. यंत्रं दुसऱ्या देशात गेली, आम्ही होतो तिथंच राहिलो. मी तेव्हा सेहेचाळीसची. त्या वयाच्या बाईला कोण दारात उभं करतं? शेवटी कबलानकडे नाव घातलं. कबलान म्हणजे माणसं पुरवणारा कंत्राटदार. त्यानं मला विमानतळाजवळच्या एका कारखान्यात पाठवलं. तिथं विमानातल्या प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरायचे. पट्ट्यावरून ट्रे सरकत येई. एकीनं भात ठेवायचा, एकीनं केक, एकीनं काटा-चमचा, अन् शेवटी चांदीचा कागद दाबून बसवायचा. तो कागद दाबायचं काम माझं.

पट्टा एकच, पण बायका दोन जातीच्या. कारखान्याच्या कायमच्या बायकांना निळा कोट, आम्हा कबलानच्या अकरा जणींना हिरवा. निळ्या कोटाला बस, सणाची भेट, कँटीनचं कार्ड. हिरव्या कोटाला हिरवा कोट. तोही घरी धुवायचा. दुपारी निळ्या बायका आत पंख्याखाली जेवायच्या अन् आम्ही मागच्या बाजूला, ट्रक लागतात तिथल्या पायऱ्यांवर. डोक्यावर पत्रा, समोर डिझेलचा धूर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! माझ्या शेजारी एक रशियन बाई बसायची, माझ्याच वयाची. तिकडे ती पुलांचे नकाशे काढायची म्हणे, इथं पट्ट्यावर माझ्या अलीकडे उभी राहून चमचे ठेवायची. काकडी अन् पाव, रोज तेच. मी तिला माझी बटाट्याची भाजी वाढायचे. ती तिखटानं नाक पुसायची अन् पुन्हा मागायची.

हे सगळं मी आठ महिने सोसलं, कारण पुढे एक गाजर टांगलं होतं. क्वियूत. म्हणजे नोकरी कायम होणं. नऊ महिने नीट काम केलं की सुपरवायजरनं नाव लिहून द्यायचं, अशी तिथली रीत. आमचा सुपरवायजर तिशीतला. सातव्या महिन्यात एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझा हात चांगला आहे. दोन महिने गप काढ. नाव लिहितो." हिब्रूत म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही 'तू'च, त्याचं मला काही वाटलं नाही. 'गप काढ' तेवढं खटकलं. पण घरी येऊन सांगितलं तेव्हा नवऱ्यानं आनंदानं माझी पाठ थोपटली. निळा कोट मिळाला की म्हातारपणाची काळजी नव्हती. माझ्यासारखीला तो पुन्हा कोण देणार होतं?

मग तो उकाडा आला. वाळवंटाकडून असा वारा सुटला की पायरीवर हात टेकवेना. रशियन बाईनं पावाचा तुकडा तोंडात घातला अन् तशीच भिंतीला कलंडली. पाणी मारलं, शुद्धीवर आली, अन् पहिलं काय म्हणाली, तर "सुपरवायजरला सांगू नका." माझं डोकंच फिरलं. डबा उचलला, तडक कँटीनमध्ये गेले अन् पंख्याखालच्या टेबलाला बसून झाकण उघडलं.

झाकण पुरतं उघडलंही नव्हतं, तोच मश्गियाख धावत आला. अन्न कोशेर आहे की नाही, म्हणजे धर्माच्या नियमात बसतं की नाही, ते बघणारा माणूस तो. माझ्या पोरीच्या वयाचा, गालावर जेमतेम दाढी. "हे अन्न कुठलं?"

"माझ्या घरचं."

"बाहेरचं इथं चालत नाही."

बस्स. माझ्या जिभेचा पट्टा सुटला. म्हटलं, "का रे, माझ्या घरच्यानं विटाळ होतो होय? कोकणात आमच्या वाडवडिलांच्या गावात ना धर्म सांगणारा रब्बी, ना तुझ्यासारखा अन्न तपासणारा कुणी. तरी शनिवारी आमचा तेलाचा घाणा बंद म्हणजे बंद. गाव आम्हाला शनिवार तेलीच म्हणायचं. मांसाबरोबर दूध नको म्हणून आमच्या आयांनी नारळाचं दूध घातलं. खवलं नसलेला मासा उंबऱ्याच्या आत घेतला नाही. अन् आज तू मला कोशेर शिकवतोस? सकाळपासून चारशे ट्रे मी या हातांनी बंद केले. ते रब्बीसुद्धा विमानात बसून खातात. तेव्हा हे हात चालतात, अन् या हातचा बटाटा चालत नाही?"

कोकणातून इथं आलेल्या आमच्या लोकांना फार वर्षांपूर्वी 'तुम्ही खरे यहुदी का' असं विचारलं होतं. ते माझ्या बापानं ऐकलं होतं अन् मरेपर्यंत तो ते विसरला नाही. तो सगळा राग मी त्या पोरावर काढला.

पोरगा लाल झाला. समोरची खुर्ची ओढून बसला अन् हळू म्हणाला, "माझ्या आईच्या घरचं पातेलंसुद्धा मी इथं आत येऊ देत नाही. स्वतःचा डबासुद्धा आणत नाही. नियम सगळ्यांना आहे. तुझ्या घरच्या अन्नाला मी काही म्हटलेलं नाही." मग म्हणाला, "तुला इथलं जेवायला कुणी मना केलंय? मी तर नाही."

घ्या! चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते मी. आमच्या माणसांची ही जुनी खोड. कुणी 'बाहेरचं' म्हटलं की आम्हाला वाटतं, आमच्या रक्ताकडेच बोट दाखवलं. सुपरवायजर आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगत आला, 'तुमचे डबे आत चालत नाहीत, काय करू, कोशेरचा प्रश्न आहे', अन् आम्ही अकरा जणी खाली मान घालून ते गिळत आलो. कोशेरचा काही प्रश्न नव्हता. प्रश्न कार्डाचा होता, अन् कार्ड द्यायचं कारखान्याच्या मनात नव्हतं. मी त्या पोराची माफी मागितली, डबा बंद केला अन् बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी डबा नेलाच नाही. बारा वाजता कँटीनमध्ये गेले, ट्रे घेतला अन् रांगेत उभी राहिले. वाढणारी बाई मोरोक्कोकडची, धिप्पाड. "कार्ड?"

"नाही."

"मग कशी वाढू?"

"नको वाढूस." रिकामा ट्रे घेऊन मी टेबलाला जाऊन बसले. हात मांडीवर. अर्धा तास पुरा.

तुम्ही कधी रिकामा ट्रे पुढ्यात घेतलेल्या बाईशेजारी बसून जेवलात का? घास उतरत नाही. एका निळ्या कोटवालीनं हळूच पाव सरकवला. मी परत सरकवला. म्हटलं, "बाई, तुझं मन मोठं आहे, पण मला तुझ्यातलं नको. मला माझं हवंय." ती रागावली. रागावू दे. भीक घातली की देणाऱ्याचं मन हलकं होतं अन् घेणारी पायरीवरच राहते.

तिसऱ्या दिवशी रशियन बाई माझ्यामागे रांगेत होती. काकडी नाही, पाव नाही, हातात रिकामा ट्रे. आठवड्याभरात आम्ही अकराच्या अकरा. भूक लागायची, खोटं कशाला बोलू? सकाळी निघताना दोन चपात्या जास्त हाणायचे मी.

शेवटी सुपरवायजर मश्गियाखलाच घेऊन आला. त्याला वाटलं, हा आम्हाला हुसकेल. "सांग यांना," तो म्हणाला, "की इथं बसता येणार नाही."

मश्गियाख वाकला. एकेक ट्रे नीट बघितला, अकराही. मग म्हणाला, "रिकामा ट्रे कोशेर आहे. माझी काही हरकत नाही." अन् गेला. ती वाढणारी बाई आतल्या आत हसून एवढी हलली की तिच्या हातातलं सूप सांडलं.

सुपरवायजर माझ्या कानाशी आला. "पुढच्या आठवड्यात तुझं नाव पाठवणार होतो. आत्ता ऊठ, अन् उद्या माझ्या केबिनमध्ये ये. तुझ्या एकटीचं कार्ड काढून देतो. कुणाला कळायचं नाही."

माझ्या समोर रशियन बाई बसली होती. तिला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. ती ट्रेकडे बघत होती. देवाशपथ सांगते, मी विचार केला. नवऱ्यानं पाठ थोपटली होती ते आठवलं. माझं सेहेचाळीसचं वय आठवलं. मग म्हटलं, "अकरा कार्डं आण. मग उठते."

"पस्तावशील."

"तो माझा प्रश्न."

नववा महिना पुरा व्हायला एक दिवस बाकी असताना कबलानचा फोन आला, उद्यापासून जायचं नाही. कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. त्या दिवशी मी रडले. धाय मोकलून रडले. आमची लेक तेव्हा मिलिटरीतून सुट्टीवर आली होती. मराठीत विचारलं की हिब्रूत उत्तर देणारी, आईला 'ईमा' म्हणणारी ती. म्हणाली, "ईमा, ताटभर भातासाठी क्वियूत घालवलीस?"

मी डोळे पुसले अन् म्हटलं, "हो. अन् पुन्हा घालवीन."

तीन आठवड्यांनी रशियन बाईचा फोन आला. कार्डं आली होती. हिरव्या कोटालाही, निळ्यालाही, एकाच रंगाची. मी विचारलं, "जेवण कसं आहे?" ती म्हणाली, "भात कच्चा." आम्ही दोघी फोनवर हसत सुटलो. त्या कँटीनमधला एक घासही माझ्या तोंडात गेला नाही, कधीच नाही.

मग कामासाठी मी एका वृद्धाश्रमात गेले, भांडी घासायच्या जागेसाठी. तिथली मॅनेजर माझा कागद वाचत होती. माझ्यापेक्षा लहान, चष्मेवाली. "आधीच्या जागेवरून का काढलं?"

"जेवणावरून."

तिनं चष्म्यावरून बघितलं. "चोरलंस?"

"नाही," मी म्हटलं, "मागितलं. अन् इथं भांडी घासणाऱ्या बायका कुठं बसून जेवतात ते आधी दाखव, मग मी सही करते."