कॅप्टनपेक्षा जास्त नाही

पोर्ट हेलियरच्या बास्केटबॉल संघात कोण खेळणार, हे मर्ल हॅस्केटच्या स्वयंपाकघरात ठरायचं. क्लबला ऑफिस होतं, पण तिथला हीटर बिघडलेला, आणि मर्लच्या मते कुडकुडणारा माणूस जास्त पैसे मागतो. म्हणून खेळाडूला ती घरी बोलवायची, शिंपल्यांचं तिखट सारण भरलेली पेस्ट्री त्याच्यापुढे ठेवायची आणि तो निम्मी खाईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारायची. तोंड भरलेलं असलं की माणूस फार वाद घालत नाही.

तिने आयुष्यात कधी चेंडू आपटला नव्हता. कागद गिरणीत ती कामगारांचे पगार काढायची. गिरणी बंद पडली, नवरा वारला, आणि क्लबच्या लोकांनी तिला हिशेब बघायला बोलावलं. दोन वर्षांत तिच्या लक्षात आलं की मोटारी विकायचा धंदा करणारे क्लबचे चेअरमन गॅव्हिन शीही उंची बघून माणसं घेतात, किंमत बघून नाही. तिने तो कारभार हळूच स्वतःकडे ओढला.

सिडनी, मेलबर्न, पर्थ यांच्याशी आम्ही कुठे बरोबरी करणार? त्यांच्याकडे कोट्यधीश मालक, आमच्याकडे बटाट्याचा कारखाना आणि जत्रेतली लॉटरी. त्यामुळे मोठ्या शहरांनी टाकलेलं आमच्या ताटात यायचं. एकाचा गुडघा गेलेला, एकाची जीभ फटकळ, एकाचं वय झालेलं. परदेशी तिघे चालायचे. ते मर्ल अशा गावांतून शोधायची की जिथून तिच्याशिवाय कुणी फोन करत नसे. धर्माची गाय आणि दात का नाय, असं विचारायची आमची ऐपत नव्हती.

पण स्वस्तातला माणूसही भाव करतोच. मग मर्ल शांतपणे विचारायची, "आमचा रॉस किती घेतो माहितेय?" आणि आकडा सांगायची.

समोरचा पेन उचलायचा. रॉस पायबस म्हणजे आमचा कॅप्टन, लीगमधल्या पहिल्या तिघांतला. सिडनीचा एक क्लब दर वर्षी त्याला तिप्पट द्यायला तयार असायचा. तो इतक्यावर खेळतो म्हटल्यावर दुसऱ्याने कुठल्या तोंडाने जास्त मागायचं? कॅप्टनपेक्षा जास्त कुणाला नाही, एवढंच मर्लचं शास्त्र. मेलबर्नहून पत्रकार आले, त्यांनी आमच्या यशावर आलेख काढले. मर्लने त्यांनाही पेस्ट्री खाऊ घातली आणि आकडा सांगितला नाही.

यातली मेख एवढीच, की रॉसचा पगार कधी वाढवता येत नव्हता.

रॉसची आई मर्लची शाळेतली मैत्रीण, त्यामुळे तो तिला मावशी म्हणायचा. एकतीस वर्षांचा झाला त्या एप्रिलमध्ये तो एकटा आला नाही. बायको जोसी बरोबर होती, आणि तिने पेस्ट्रीला हात लावला नाही.

"सिडनीवाले तीन वर्षांचा करार देतायत, मावशी," रॉस म्हणाला. "लेखी. पाय मोडला तरी पैसे चालू."

"मोडेल कशाला?"

"मोडायच्याच वयाला आलोय."

"आमच्या भिंतींना बुरशी आलीय, मर्ल," जोसी म्हणाली. "पोरगी खोकून खोकून बेजार झालीय. सगळं गाव रॉसला खांद्यावर घेतं, पण घरमालक भाडं घेतोच की."

"वाढवते मी तुझे," मर्ल रॉसला म्हणाली. "मग परदेशी तिघांतला तो अमेरिकन म्हणेल, माझेही वाढव. मग बाकीचे. मग मला तिघांना घरी पाठवावं लागेल. उरलेली पोरं घेऊन पर्थशी खेळशील?"

"मग निदान दोन वर्षं लिहून दे."

"तुला दोन दिली की सगळ्यांना दोन हवीत. रॉस, एवढा जमलेला संघ मी आजवर बघितला नाही. फायनल गाठेल हा. एकच वर्ष थांब. पुढच्या वर्षी तू म्हणशील ते."

ती खोटं बोलत नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या क्षणी तिला मनापासून तसं वाटत होतं. छोट्या क्लबात 'पुढच्या वर्षी' हा शब्द सगळेच वापरतात आणि सगळेच त्यावर विश्वास ठेवतात. जोसीने कप विसळून पालथा घातला आणि ती गाडीत जाऊन बसली. रॉसने सही केली.

संघ खरंच फायनलला गेला. उपांत्य सामन्यात, आम्ही पुढे असताना, रॉस चेंडू घेऊन एक पाऊल मागे सरला. साधं पाऊल. कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखं त्याने वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. टाचेवरची धोंडशीर तुटली होती. तो सामना आम्ही जिंकला. गावाने मोटारींचे भोंगे वाजवून आकाश डोक्यावर घेतलं, आणि त्या गोंगाटातून रॉसला इस्पितळात नेलं. फायनलमध्ये आमचा पार धुव्वा उडाला, तरी कुणाला त्याचं दुःख नव्हतं.

हंगामाबरोबर रॉसचा करारही संपला. शीर जुळायला पुढचा अख्खा हंगाम जाणार होता. मर्ल क्लबच्या बैठकीत भांडली, टेबलावर हात आपटून भांडली.

"मी त्याला शब्द दिलाय, गॅव्हिन."

"शब्द तू दिलास, क्लबने नाही," शीही म्हणाले. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, मर्ल? हे तूच आम्हाला शिकवलंस."

त्याऐवजी त्यांनी निरोपसमारंभ मंजूर केला. रॉसची जर्सी स्टेडियमच्या छताला टांगायची. हे सांगायला मर्लच गेली.

"जर्सी टांगणार?" रॉस स्टुलावर पाय ठेवून बसला होता. "मलाही तिथेच टांगा म्हणावं. भाडं वाचेल."

मर्लला रडू कोसळलं. जोसीने तिला पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही.

पुढे रॉस बटाट्याच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवू लागला. तो लंगडतो हे लोकांना बघवेना, म्हणून लोक त्याच्याशी घाईघाईने बोलायचे. इकडे मर्लचं शास्त्र कोसळलं. ती आकडा सांगायला तोंड उघडायची आणि समोरचा म्हणायचा, "हो, ऐकलंय. आणि आता काय करतो तो?" एकेक जण वाढवून मागू लागला. दोघे निघून गेले. गाडी जेमतेम रडतखडत त्या हंगामाच्या शेवटाला लागली.

राहिला होता फिन मुलकाही. आमच्याच गावचा, एकोणीस वर्षांचा, रॉसचा खेळ बघत वाढलेला. तो राहिला तर प्रायोजक राहणार, संघ राहणार. तो गेला तर शीही क्लबचा लीगमधला परवाना विकायला टपलेलेच होते. सिडनीवाले फिनच्याही मागे लागले होते. मर्ल कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

"पोरगं तुझं ऐकेल, रॉस. ये तेवढा."

"येतो," रॉस म्हणाला.

मर्लच्या टेबलाशी फिन बसला, त्याचा बाप डेस बसला, आणि रॉस कामाच्या बुटांसकट. मर्लने आपलं सगळं सांगून झाल्यावर रॉसकडे बघितलं.

"इथे लोक तुला डोक्यावर घेतील," रॉस फिनला म्हणाला. "मासळीवाला पैसे घेणार नाही. बायका तुझ्या आईला रस्त्यात थांबवून तुझं कौतुक करतील. खोटं नाही ते. मला फार आवडायचं." त्याने दुखरा पाय सरळ केला. "सिडनीवाले किती वर्षं म्हणतायत?"

"तीन."

"पाय मोडला तरी?"

"तरी."

"मग बॅग भर."

डेसने मर्लकडे बघितलं. ती आता काहीतरी बोलेल आणि पोराला थांबवेल, अशी त्याचीही अपेक्षा असावी, कारण मर्लने आजवर कुणाला असं जाऊ दिलं नव्हतं. पोराची आई आजारी असते, हे तिला माहीत होतं. तेवढा एक विषय काढला असता तर फिन हलला नसता. ते वाक्य तिच्या ओठावर आलं होतं.

"फोन कर त्यांना," ती म्हणाली. "इथूनच कर. आणि खोलीचं भाडं त्यांच्या क्लबने द्यायचं असं लिहून घे."

बापलेक गेल्यावर ती बराच वेळ टेबलावरचे तुकडे गोळा करत राहिली.

"क्लब गेला, रॉस."

"माहितेय."

"त्याला हे सांगायलाच आलास?"

"नाही गं, मावशी," रॉस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मर्लला सोसेना. "तू बोलावलंस, म्हणून आलो. तू बोलावलंस की मला नाही म्हणता येत नाही."