गेममधलं माझं दुकान

"सगळ्यांशी बोलून घ्या, अण्णा. कोणाकडं काय निघेल सांगता येत नाही."

हे वाक्य तो ऊठसूट म्हणायचा, आणि म्हणताना उजव्या हाताचा अंगठा हवेत हलकेच दाबायचा, जणू समोरच्या माणसाच्या छातीवर फक्त त्यालाच दिसणारं एखादं बटण आहे. ते दाबलं की माणूस बोलू लागायचा. माझ्यावरही ते चाललं. हा माणूस मला फार आवडायचा आणि त्यानं मला फसवलं. दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी हसत हसत सांगायला लागलो की तुम्ही गाफील राहणार नाही. मी गाफील राहिलो होतो.

आमच्या बंगळूरच्या घरी वरच्या मजल्यावर तो भाड्यानं राहायला आला. बेळगावकडचा, तिशी ओलांडलेला, केस कायम नुकत्याच झोपेतून उठल्यासारखे. नोकरी इंदिरानगरच्या एका कंपनीत. काम काय, तर व्हिडिओ गेममधली माणसं काय बोलतील ते लिहायचं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायकोला आत बोलावून म्हटलं, "याच्या घरच्यांना हे माहीत आहे का, एकदा हळूच विचार."

आमची चिकपेटमधली तिसरी पिढी. साड्यांचं दुकान. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की दोन्हींची भेळ. आमच्यासारख्यांना कोणी माणसांचं बोलणं लिहून पोट भरतो म्हणजे नवलच. पण तो ज्या मनापासून माणसांच्या मागं लागायचा ते पाहून मी चाट पडत असे. एकदा बायकोनं त्याला यशवंतपूरच्या बाजारातून कांदे आणायला सांगितले. दुपार करून परतला.

"कांदे?" बायकोनं विचारलं.

"अक्का, तिथला एक हमाल पूर्वी सर्कशीत होता."

"आणि कांदे?"

"झुल्यावरून पडला हो बिचारा. तेव्हापासून पोती उचलतो."

"उद्या त्यालाच घेऊन ये. तो तरी कांदे आणील."

त्यानं मला खेळायला शिकवलं ते माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. मी पलंगावर, दुकान नोकरांच्या हवाली, आणि तोंड बंद. तोंड बंद म्हणजे ऐकणारं कोणी नाही. अशा वेळी तो आपलं यंत्र घेऊन खाली आला, आमच्या टीव्हीला वायरी लावल्या आणि माझ्या हातात कंट्रोलर ठेवला. "आरपीजी म्हणतात याला, अण्णा. यात तुम्ही दुसरा कोणीतरी व्हायचं, गावोगाव हिंडायचं आणि कोणाचं ऐकायचं ते ठरवायचं. खेळा की."

पहिला आख्खा दिवस मी माझ्या वीराच्या मिशा ठरवण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी एका गावात शिरलो आणि थेट बाजारात गेलो. तिथल्या दुकानदारानं माझी तलवार पडेल भावात घेतली आणि तिथल्या तिथं तीच चौपट भावाला विकायला मांडली. मला इतका आनंद झाला. म्हटलं, हा आपला माणूस. राक्षसबिक्षस राहिले बाजूला, मी माल गोळा करायला लागलो. ढाली, भांडी, मेंढ्यांची कातडी, जे दिसेल ते. शेवटी माझा वीर चालेना. पाठीवरचं ओझं जास्त झालं की तिथं पाऊल उचलत नाही.

"टाका की थोडं," तो म्हणाला.

"टाकू? श्रावणात भाव चढेल."

"अण्णा, तिथं श्रावण नाही."

बायको दारातून म्हणाली, "दुकानात न खपलेला माल आता इथं साठवतायत."

पण हळूहळू मला त्यातली खरी गंमत कळली, आणि ती त्यानंच दाखवली. कुठला खेळ लक्षात राहतो यावर त्याची ठाम मतं होती. लढाया कोणाच्या लक्षात राहत नाहीत म्हणायचा. एका खेळात अगदी सुरुवातीला एक म्हातारी होडीवाली तुम्हाला नदीपार नेते आणि सहज तुमचं नाव विचारते. पुढं तुम्ही राज्यं जिंकता, सगळे तुम्हाला महाराज म्हणतात. मग कधीतरी तीच नदी लागते, आणि ती म्हातारी तुम्हाला नावानं हाक मारून विचारते, काय रे, दमलास का. मी कंट्रोलर खाली ठेवून चष्मा पुसायला लागलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि खूष होऊन मान हलवली, जणू ती म्हातारी त्याची सख्खी आजी होती. "बघा, अण्णा. तिच्याशी बोलला नसता तर हे मिळालं नसतं."

दुसऱ्या एका खेळात माझ्याबरोबर एक बासरीवाला होता. त्याला मी जखमेवर औषध लावलं, स्वतःचं चिलखत घातलं, आणि त्यानं ऐन किल्ल्याच्या दारात शत्रूला दार उघडून दिलं. मी दोन दिवस जेवलो नाही म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. एक दिवस स्वल्प कमी जेवलो. "हे कोणी लिहिलं?" मी विचारलं. "त्याला चिकपेटमध्ये आण."

तो हसत सुटला. "इतका राग आला ना? मग चांगलंच लिहिलंय."

त्या खेळात एक पद्धत होती. लढाई संपली की सगळे सोबती शेकोटीभोवती बसतात, आणि आपण ज्याच्याजवळ जाऊन बसू तो मनातलं काहीतरी सांगतो. एका रविवारी दुपारी बायको बहिणीकडं गेली होती. पडद्यावर शेकोटी पेटली होती. तो कंट्रोलर हातात धरून तसाच थांबला आणि म्हणाला, "तुम्ही एवढ्या गोष्टी सांगता, अण्णा. अशी कुठली आहे, जी कधीच सांगितली नाही?"

आणि मी सांगितली.

आमचं दुकान एकच होतं, वडिलांचं. आता मधे प्लायवूडची भिंत आहे. अलीकडं मी साड्या विकतो, पलीकडं माझा धाकटा भाऊ तयार कुर्ते विकतो. भांडण त्या कुर्त्यांवरूनच झालं, ठेवायचे की नाही यावरून. पण ते इतकं वाढलं, की आता बोलणं नाही. एकमेकांच्या घरचं लग्न असलं तरी आम्ही जेवायला वेगवेगळ्या पंगतीत बसतो. भावाची छाती लहानपणापासून नाजूक. थंडीत आई त्याच्या छातीला कोमट तेल चोळायची आणि वाटी धरायचं काम माझं. तर मी काय करतो, दुकान उघडलं की देवापुढं उदबत्ती लावायच्या निमित्तानं भिंतीशी जातो आणि कान लावतो. भाऊ गादीवर येऊन बसला की खोकतो. त्या खोकल्यावरून मला कळतं, आज छाती कशी आहे, औषध घेतोय की नाही. खोकला ऐकला की मी उदबत्ती लावतो. हे बायकोलाही माहीत नव्हतं.

तो नुसता ऐकत राहिला. असं ऐकणारं माणूस मला आयुष्यात दुसरं भेटलं नाही, हे आजही कबूल करतो.

मग काही महिन्यांनी एके संध्याकाळी तो खाली आला, डोळे चमकत होते. त्यानं स्वतः लिहिलेला पहिला मोठा खेळ तयार होत आला होता. "बाहेर अजून कोणी पाहिला नाही. पहिल्यांदा तुम्हीच." मी खेळायला बसलो, तो माझ्या मागं उभा, बायको शेजारी.

एका व्यापारी गावात शिरलो. गल्ली वळली आणि मला माझं दुकान दिसलं. कापडाचे तेच गठ्ठे, तीच लाकडी पायरी. गादीवर एक पोट सुटलेला व्यापारी, आणि तो ज्या पद्धतीनं कापड हवेत उडवून उलगडत होता ती पद्धत माझी. "पाहण्याचे पैसे नाहीत, ताई," तो म्हणाला. माझं वाक्य. मी टाळ्या पिटल्या. बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "पोट अगदी बरोबर घेतलंय."

मग खेळात रात्र सरून सकाळ झाली. व्यापारी उठला, उदबत्ती हातात घेतली, फळ्यांच्या भिंतीशी गेला आणि कान लावला.

बायकोनं पडद्याकडं पाहायचं सोडून माझ्याकडं पाहिलं.

"कसं वाटलं, अण्णा?" मागून आवाज आला.

"काढून टाक."

"पुढं बघा तरी. खेळणाऱ्याला तीन पर्याय आहेत. गप्प राहायचं, थोरल्याला समजवायचं, नाहीतर धाकट्याला जाऊन सांगायचं. धाकट्याला सांगितलं ना, की…"

"काढ म्हटलं ना."

त्यानं खेळ बंद केला. मग म्हणाला, "सरी, अण्णा. बरं, काढतो."

माझा त्याच्यावर विश्वास होता. त्या दिवशी मी त्याला जेवायलाही थांबवून घेतलं. बायकोनं त्याच्या आवडीची वांग्याची भाजी केली होती, आणि त्यानं ती मागून मागून खाल्ली.

खेळ बाजारात आला, गाजला. त्यानं आम्हाला म्हैसूरपाक आणून दिला. पेढे कुठं आहेत म्हणून मी त्याची थट्टा केली. ते काढलंस ना, असं विचारावं हे माझ्या मनातही आलं नाही.

माझी पुतणी, म्हणजे या भावाचीच मुलगी, एका ऑफिसात काम करते. मोठ्यांचं काहीही असो, ती आमच्याकडं येते-जाते. एका शनिवारी ती आली, चप्पल न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही खरंच कान लावता?"

ती तो खेळ खेळली होती. दुकान ओळखायला तिला वेळ लागला नाही, तिच्या शाळेच्या सुट्ट्या त्याच पायरीवर गेल्या होत्या. आणि तिनं पुढं काय केलं असेल? खेळात धाकट्याला सांगितलं की तो रडत रडत येतो, दोघे भाऊ मिळून भिंत पाडतात, गावात दिवे लागतात. तिला वाटलं, एवढं सोपं होतं तर आपण इतकी वर्षं काय करत होतो. घरी गेली आणि तिनं बापाला सांगितलं.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. अप्पांनी ताट सारलं आणि उठले."

सोमवारी मी दुकान उघडलं. उदबत्ती घेतली, भिंतीशी गेलो. पंख्याचा आवाज. थोड्या वेळानं नोकर कुणाला तरी भाव सांगत होता. पुन्हा पंखा. दुपारी चहा देणाऱ्याकडून कळलं, भावानं गादी हलवली. आता तो पार पलीकडच्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला बसतो.

चोरून कोणी आपला श्वास ऐकतं हे त्याला लागलं असेल, की जगानं ते पाहिलं हे लागलं असेल, मला माहीत नाही. विचारायची सोय नाही. आमच्यामधे काही उरलं होतं ते तेवढंच होतं, आणि ते कोणाला ठाऊक नव्हतं म्हणूनच उरलं होतं.

मी वर भाडेकरूच्या खोलीत गेलो तेव्हा तो सामान बांधत होता. कंपनी त्याला परदेशी पाठवत होती, खेळ गाजला म्हणून.

"काढतो म्हणाला होतास," मी म्हणालो.

त्यानं नाटक केलं नाही. पलंगाच्या कडेवर बसला. "काढलं होतं, अण्णा. खरंच काढलं होतं. पण ऑफिसात ज्यानं त्यानं विचारलं, तो भिंतीशी उभा राहणारा म्हातारा कुठं गेला."

"म्हातारा?" मी म्हटलं. त्या अवस्थेतही मला ते लागलं.

"आख्ख्या खेळात तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं. मग परत घातलं."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

इतकं सरळ उत्तर मला कोणी दिलं नव्हतं.

"पण शेवटी भिंत पडते की, अण्णा," तो हळूच म्हणाला. "मी पाडली ती. तुमच्यासाठीच."

"तुझ्याकडं पडते. माझ्याकडं भावानं गादी हलवली."

त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. बराच वेळ तो हातातल्या शर्टाची घडी घालत राहिला, उलगडत राहिला.

"मग खोकला?"

"नाही येत ऐकू."

तो गेला. जाताना बायकोच्या पाया पडला, माझ्या पडायला वाकला तेव्हा मी पेपर वाचत होतो. नंतर त्याचा फोन आला नाही, मीही केला नाही. पुतणी सांगते, भावाची तब्येत ठीक आहे. तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

खेळ मात्र मी पूर्ण खेळलो. खोटं कशाला सांगू, उत्तम आहे. माणसं अशी जिवंत की त्यांच्याजवळून उठवत नाही. सर्कशीत झुल्यावरून पडलेला हमाल त्यात आहे, धक्क्यावर पोती उचलतो. दुकानाच्या गल्लीच्या टोकाला त्या व्यापाऱ्याचं घर आहे, आणि ते आमचंच घर आहे. अंगणातला नळ, तुळस, दाराशी बायकोची रांगोळी. स्वयंपाकघरात वांगी चिरून ठेवलीयत. मी त्या घराला मागून पुढून फेऱ्या घातल्या, भिंतींना हात लावून पाहिलं, वरच्या भाडेकरूच्या खोलीचा जिना शोधला. जिना नाही. व्यापाऱ्याशी बोलायला गेलो तर तो भावाबद्दल बोलतो, कापडाबद्दल बोलतो, भाडेकरूबद्दल विचारायचा पर्यायच येत नाही. घर बैठं आहे, वर मजलाच नाही. कौलांवर एक कावळा बसवलाय, आणि त्याच्या वर नुसतं आकाश.