साहेबांचा हलता पाय

बोथच्या कचेरीतले कारकून उद्धवराव तीन पत्तीत सहसा हरत नसत. डाव सुपारीच्या खांडांवरच चाले, पण जिंकल्यावर ते अख्खा तालुका मारल्यासारखे उठत. त्यांच्या मते पत्ते पाहायचे ते येड्यांनी, शहाण्यानं समोरच्याचं अंग वाचावं. "केशवरावाले एक्के आले का तो पान या गालातून त्या गालात घेते," डावातल्या सोबत्याबद्दल ते बायकोला, कुसुमबाईला, सांगत. "अन् थाप मारायची असली का पाय हालवते." गेल्या आठ वर्षांत निजामाचं राज्य गेलं, फौज आली, निवडणूक झाली. यातलं काहीच उद्धवरावांना आधी कळलं नव्हतं, पण ती मंडळी समोर बसली नव्हती, त्याला ते काय करणार!

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं, बोथ तेलुगू भागात जाणार होतं, आणि मराठी सरकारी नोकरांना विचारणं सुरू झालं, इथंच राहता की मुंबई राज्यात जाता? उद्धवरावांना राहायचं होतं. जवळच्या तामसी गावाला शेत होतं, आणि कुसुमबाईची एकटी म्हातारी आई शेजारच्याच गल्लीत होती.

हैदराबादेहून आलेले साहेब एकेकाला आत बोलावत होते. उद्धवरावांना त्यांनी गोड आवाजात विचारलं, "यहीं रहना है ना?" टेबलाखाली त्यांचा पाय मात्र सारखा हलत होता. उद्धवराव मनात हसले. थाप! राहतो म्हटलं की हा नक्की हाकलणार, तेव्हा आपण जायला मागावं, म्हणजे खोडसाळपणानं इथंच ठेवील. डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले, "नहीं साहब, नांदेड भेज दीजिए."

साहेबांनी तिथल्या तिथं "मंजूर" लिहून सही ठोकली. मग वाकून त्यांनी नवाकोरा बूट काढला. टाचेला लिंबाएवढा फोड आला होता.

घरी सांगतानाही उद्धवरावांची ऐट गेली नव्हती. "सायबाचा पाय हालून राह्यला होता वं. दुसरा कोणी असता तं त्यानंबी हेच केलं असतं."

कुसुमबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "माही माय आता कोणाच्या भरवशावर राहीन? तुमाले सायबाचा पाय दिसला. महिना झाला, या घोरानं माह्या पोटात घास नाई जाऊन राह्यला, थे काऊन नाई दिसलं?"

उद्धवरावांनी तिच्याकडे पाहिलं. हात उचलला की तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.