नारायणाचा पिवळा मडगार्ड

माझ्या गाडीला मागचे दाखवणारा कॅमेरा आहे. जावयाने तो आग्रहाने घ्यायला लावला. नसता घेतला तर मी चार लोकांसारखी मान वळवून मागे पाहिले असते आणि नारायणाची मोटारसायकल शाबूत राहिली असती. पण त्या सकाळी डिचोलीच्या बाजारात मी गाडी मागे घेत होतो आणि पडद्यावर तवशांचा, म्हणजे आमच्याकडच्या काकड्यांचा, ढीग घेऊन बसलेली एक बाई इतकी स्वच्छ दिसत होती, की तवशी कोवळी आहेत की जून, हे मी बसल्या जागेवरून ठरवत होतो. कॅमेरा टीं टीं करू लागला. मला वाटले, त्यालाही तवशी आवडली. मग मागून काच फुटल्याचा आवाज आला आणि पडद्यावरून बाई, तवशी सगळे जाऊन नुसते एक चाक दिसू लागले. ते आडवे होते आणि सावकाश फिरत होते.

चाक नारायण पायलटचे होते. पायलट म्हटल्यावर बाहेरगावचे लोक आभाळाकडे बघतात, म्हणून सांगतो. आमच्या गोव्यात मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसवून भाड्याने माणसे नेतो तो पायलट. त्याच्या मोटारसायकलचा पुढचा मडगार्ड पिवळा रंगवलेला असतो. मडगार्ड पिवळा असला की ती भाड्याची गाडी, नसला की कोणाच्या तरी जावयाची. पिवळ्याशिवाय भाडे मारले तर पोलीस धरतात, आणि पोलिसांनी सोडले तर स्टँडवरचे बाकीचे पायलट धरतात.

आमच्या बाजारात दोन सायकली एकमेकींना नुसत्या घासल्या तरी अर्धा तास पुरेल इतके भांडण होते. इथे तर वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस कचाट्यात सापडला होता. डिचोलीत जितक्या वेळा वीज गेली असेल तितक्या लोकांना माझ्याशी बोलायचे होते. माणसे पिशव्या खाली ठेवून गोल करून उभी राहिली. नारायण आला, त्याने मोटारसायकल उभी केली, हाताने चाचपली आणि म्हणाला, "लायट फुटली. हँडल वाकलो." झाले. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग निराश होऊन पिशव्या उचलल्या.

नारायण हा असाच. मूळचा दोडामार्गाकडचा, पण लाटंबार्शात घर करून आता इतकी वर्षे झाली की तिथल्या काजूंनाही तो आपला वाटतो. आधी खाणीच्या ट्रकवर होता. खाणी बंद पडल्या तेव्हा बाकीचे वर्षभर खाणींबद्दल बोलत राहिले. नारायण दुसऱ्या आठवड्यात जुनी मोटारसायकल घेऊन डिचोलीच्या स्टँडवर उभा राहिला. बोलणे बेताचे. पाऊस येणार का म्हणून विचारले तर भिजून झाल्यावर 'इलो' म्हणून सांगणारा. पण लाटंबार्शातल्या म्हाताऱ्या दवाखान्यात यायच्या त्या त्याच्याच मागे बसून, आणि डॉक्टरने काय सांगितले ते घरच्यांनी विचारायचे ते त्यालाच.

आणि चतुर्थी म्हणजे तर नारायणाचाच सण. लाटंबार्शात वरच्या वाड्यावर काही घरे अशी आहेत की त्यांच्या पायवाटेला चारचाकी दिसली तर कुत्रीसुद्धा भुंकायचे विसरतील. त्या घरांचे गणपती डिचोलीच्या चित्रशाळेतून नारायणच पोचवतो. मागे घरचा यजमान, त्याच्या मांडीवर मूर्ती आणि पुढे नारायण. त्या दिवशी तो अशा बेताने गाडी चालवतो की रस्त्यातल्या कोंबड्या त्याला ओलांडून पुढे जातात. मी त्याची गाडी आडवी केली तेव्हा चतुर्थी पुढच्याच आठवड्यात आली होती. बाजारात गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचे सामान, सुपाऱ्यांचे घोस, कांगलां, आंबाडे अशी रानफळे येऊन पडली होती आणि प्रत्येकाला ते घेऊन घरी जायचे होते.

नारायणाचे म्हणणे होते की धाकूच्या गराजीत टाकली तर संध्याकाळपर्यंत होईल. मी ऐकले नाही. अपराधी माणसाला सहज सुटका आवडत नाही. मी म्हटले, "नाही नारायणा, मी मोडली, मी करून देणार, आणि ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच." गावाबाहेर नवे शोरूम झाले आहे, त्याच्या मागच्या अंगाला हे सर्व्हिस सेंटर. फरशी अशी की आपण चप्पल काढावी की केस विंचरावेत ते कळत नाही. तिथला मॅनेजर प्रशांत, पंधरवड्यापूर्वी कोल्हापूरकडून बदलून आलेला, शर्टाच्या खिशात दोन पेने आणि तोंडात साखर. लाईट आणि हँडल, एवढेच करायचे, हे मी त्याला दोनदा सांगितले. तो दोन्ही वेळा "शंभर टक्के, सर" म्हणाला.

गाडी घ्यायला मी आणि नारायण गेलो तेव्हा ती लग्नातल्या करवलीसारखी नटून उभी होती. लाईट नवी, हँडल सरळ. शिवाय आरसे नवे, हाताच्या मुठी नव्या आणि पुढे काळा कुळकुळीत, तोंड दिसेल असा नवा मडगार्ड. प्रशांत लेकीला सासरी धाडणाऱ्या बापासारखा हात बांधून बाजूला उभा. म्हणाला, जुन्या मडगार्डला कोणीतरी घरचा पिवळा ऑइलपेंट फासला होता, कंपनीच्या गाडीला तसले काही शोभत नाही, म्हणून सगळे बदलून टाकले, तुम्हाला काही तोशीस नाही.

नारायणाने गाडीभोवती एक फेरी मारली.

"ही माझी न्हय," तो म्हणाला.

प्रशांतने नंबर दाखवला.

"नंबर माझो. गाडी माझी न्हय. माझो मडगार्ड खंय?"

मडगार्ड सकाळीच भंगारात गेला होता. चूक कळल्यावर प्रशांत बिचारा कानापर्यंत लाल झाला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या गावात पिवळी असते ती हळद, त्याला काय ठाऊक. लगेच म्हणाला, पिवळ्या रंगाचा डबा मागवतो, इथेच नव्या मडगार्डला मारून देतो, चहा होईपर्यंत वाळेल. मी म्हटले, वा, सुटलो. नारायण म्हणाला, "माझो हाडा." माझा आणा. आणि पाहुण्यांच्या खोलीत जाऊन त्याने भिंतीकडेची एक कदेल ओढली आणि तिच्यावर बसला.

ती खोली थंडगार असते. तिथे एक टीव्ही असतो, त्याच्यावर ह्याच कंपनीची गाडी बर्फातून धावत असते. नारायण बर्फ बघत बसला. मी समजावले की चतुर्थी तोंडावर आहे, हे धंद्याचे दिवस, गणपती पोचवायचे आहेत, रंग लाव आणि चल. तो हां म्हणाला आणि बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तो जेवणाचा डबा घेऊनच आला. मीही आलो, तो अपराधापोटी. माझी बायको दिपाली म्हणाली तसे नव्हे. तिचे म्हणणे, घरात चतुर्थीची साफसफाई चालू होती आणि तिथे एसी होता.

मडगार्डासारख्या वस्तूसाठी माणूस असा का बसेल, हे मला सुचेना. मी विचारले. "मगे सांगतंय," म्हणाला. मागाहून सांगणारा माणूस पुढ्यात असला की माझ्यासारख्याला दम निघत नाही. मी आपल्या परीने जुळवू लागलो. तो मडगार्ड खाण सुटली त्या दिवसांतला असणार. बरोबरच्या कोणा सोबत्याने तो रंगवून दिला असणार, तो सोबती आता नसणार. इतक्या घरचे गणपती त्या पिवळ्यामागून आले, म्हणजे त्याला एक पुण्याई चिकटलेली असणार. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांना मी हे हळू आवाजात सांगितले, तर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मी ते दुसऱ्यालाही सांगितले, थोडे वाढवून. नारायण ऐकत होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. बर्फ बघत होता.

आता डिचोली तालुक्यात नारायणाला न ओळखणारा माणूस म्हणजे एक प्रशांतच. जो येई तो दारातच थबके. "नारायणा, तू हंय?" नारायण एकच उत्तर देई, की लाईट करायला दिली तर मडगार्ड काढला. ऐकणारा च् च् करी, शेजारी बसे आणि काही वेळाने त्याच्या मनात शंका येई, की आपल्याही गाडीचे काही काढले नसेल ना? आनंदीबाई म्हणून निवृत्त नर्स आहेत, त्या बाहेर गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या की माझ्या स्कूटरचा हॉर्न पूर्वी असा कर्कश नव्हता. तो पहिल्यापासूनचाच होता. पण वाजवून बघायची वेळ आजवर आली नव्हती, कारण आनंदीबाईंना बघूनच लोक बाजूला होतात. नारळवाल्या गुरुदासने टेम्पोचे बॉनेट उघडून ठेवले आणि आतल्या एकेका भागाला बोट लावून विचारू लागला, हे माझेच ना, आणि हे? त्याच्या मागे आणखी दोघे तसेच उभे राहिले. प्रशांत ह्या गाडीकडून त्या गाडीकडे "शंभर टक्के, सर" म्हणत पळत होता. नारायण कोणाला काही करा म्हणाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सायली रजेवरून आली. ही तिथे काउंटरवर असते. लाटंबार्शाची मुलगी, शाळेत असताना बस चुकली की नारायणाच्याच मागे बसून आलेली. "नारायणमाम, तुमी?" म्हणून ती जी थांबली ती पर्स खांद्यावरून काढायची विसरली. नारायणाने सांगितले. तिने पर्स तशीच ठेवून प्रशांतला बाजूला घेतले. बाजूला म्हणजे माझ्या कदेलीमागे, त्यामुळे मला नाइलाजाने ऐकावे लागले.

"सर, तो रंग नव्हता. ती त्याची वर्दी होती."

प्रशांत म्हणाला, तो पुन्हा पिवळा करून देतो म्हणून सांगून सांगून मी थकलो, हा माणूस ऐकतच नाही.

"नाही ऐकायचा. आणि सर, उद्या चतुर्थी. आमच्या घरचा गणपती त्याच्याच गाडीवरून येतो. तो नाही उठला तर बाबा मला विचारतील, तुझ्या ऑफिसात गणपती का अडवलाय?"

'ऑफिसात गणपती अडवलाय' हे शब्द प्रशांतला बरोबर जागी लागले असावेत. त्याने खिशातली दोन्ही पेने काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, चल. सायलीच्या स्कूटरवर मागे बसून मॅनेजर भंगारवाल्याकडे गेला.

दीड-दोन तास झाले. आनंदीबाईंनी हॉर्नचा नाद सोडला आणि डबा काढून सगळ्यांना हळदीच्या पानातल्या पातोळ्या दिल्या. नारायणाने दोन खाल्ल्या. मी त्याला म्हटले, "नाही मिळाला तर?" त्याने पान पुसून त्याची नीट घडी केली. तेव्हा प्रथमच मला जाणवले की धंद्याचे दिवस ह्याचेही जात होते. स्टँडवरची गिऱ्हाइके दुसऱ्यांच्या मागे बसून जात होती आणि हा ते बर्फ बघता बघता मोजत असणार.

मग स्कूटर आली. सायली पुढे, मागे प्रशांत, आणि त्याने मांडीवर, दोन्ही हातांनी धरून, एक वाकडा पिवळा मडगार्ड आणला होता. शर्टावर गंजाचे पट्टे, कोपराला खरचटलेले. बसला होता मात्र तो अगदी गणपती आणणाऱ्या यजमानासारखा ताठ आणि जपून. खोलीतली माणसे नकळत उभी राहिली. गुरुदासने तर वाट मोकळी केली.

मडगार्ड बसवला. एका कडेला गंजाने भोक पडले होते, रंगाचे पोपडे निघाले होते. एवढ्या सुंदर गाडीच्या नाकावर तो एखाद्या जुन्या खोडासारखा दिसत होता. नारायणाने तो हाताने हलवून पाहिला, गाडी चालू केली आणि सायलीला सांगितले, "बापायक सांग, फाल्यां सकाळी येतंय." उद्या सकाळी. प्रशांतकडे बघून मान हलवली. चतुर्थीला वरच्या वाड्यावरचे गणपती सगळे वेळेवर पोचले. सायलीच्या घरच्या मूर्तीमागे यंदा प्रशांतही होता, म्हणजे दुसऱ्या गाडीवर. कोंबड्या पुढे गेल्या, तो मात्र नारायणाच्या मागेच राहिला.

विसर्जनानंतर पंधराएक दिवसांनी मी बाजारात गेलो. चालत गेलो, दिपालीने किल्ली लपवली आहे. स्टँडवर नारायण उभा होता आणि त्याच्या मोटारसायकलवर नवा मडगार्ड होता. तोच, शोरूमचा, प्रशांतने देऊन टाकलेला, फक्त आता पिवळाजर्द रंगवलेला. जुना कुठेच दिसेना. मी आजूबाजूला पाहिले, मग खालीसुद्धा पाहिले.

"नारायणा, जुना कुठाय?"

त्याने हनुवटीने धाकूच्या गराजीमागचा ढीग दाखवला.

मला खरे तर वाईटच वाटले. त्या मडगार्डाची कथा माझी आतापर्यंत डिचोलीत, मयेत आणि पेडण्याला माझ्या बहिणीच्या घरी सांगून झाली होती, आणि पेडण्याला तर तिच्या सासूने पदर डोळ्यांना लावला होता. मी म्हटले, अरे, तीन दिवस बसलास, धंद्यावर पाणी सोडलेस, एका चांगल्या माणसाला भंगारात शिरायला लावलेस, आणि आता तोच फेकलास? मग त्या जुन्यात एवढे होते तरी काय?

नारायणाने एका बाईची माटोळीएवढी पिशवी घेऊन पुढे टाकीवर ठेवली, तिला मागे नीट बसू दिले, गाडीला किक मारली आणि म्हणाला, "काय्येक नाय, भाऊ, पण काढताना माका कोणी इचारलां नाय."